हजेरीला न आलेला दिवा

डोळे मिटले तरी तो डॅशबोर्ड मला अजून दिसतो. दोन लाल दिवे पेटलेले, आणि त्यांच्या शेजारी एक काळा गोल. तो काळा गोल मी त्या दिवशी बघितला, पंचनाम्यात लिहिलासुद्धा, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पांढऱ्या मिशांचा साहेब डोळ्यांपुढे आणाल. मी निवृत्त आहे हे खरं, पण वय अजून चाळिशीच्या आत. बंदोबस्तात गुडघा गेला, वैद्यकीय मंडळानं कागद हातात ठेवला आणि माझी फौजदारकी संपली. ही केस आज लिहायला बसलो त्याला कारण मेहुणा. परवा फोन करून म्हणतो, "दाजी, गाडीत कसला तरी लाल दिवा लागलाय, पण गाडी पळतीय मस्त." मी असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मग मलाच बसवेना. म्हटलं, हे लिहिलंच पाहिजे.

तर ऐका. भाताची कापणी नुकतीच उरकली होती. दुपारी अडीचच्या सुमाराला ठाण्यात फोन आला, मार्गासनी ओलांडून गुंजवण्याकडे जाताना जो उतार लागतो तिथं वडापची जीप मोरीच्या कठड्याला धडकून भातखाचरात उलटली. वडाप म्हणजे माणसं भरून फेऱ्या मारणारी जीप. आमच्या भागात एसटीच्या जोडीला तिचाच आधार. मी हवालदारांना घेऊन निघालो. हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बोलायला तिखट, पण कामाला सोनं.

पोहोचलो तेव्हा गावकऱ्यांनी जीप सरळ केली होती. सहा जण जखमी, एक बाई जागीच गेल्या. साठीच्या. भोरला जाऊन नवा चष्मा घेऊन परत चालल्या होत्या. त्यांची पिशवी खाचरात पडली होती. मी स्वतः यादी केली. चष्म्याची डबी एक, आत चष्मा, काचा शाबूत. ते 'शाबूत' लिहिताना पेन थांबलं होतं माझं.

ड्रायव्हर कपाळाला फडकं बांधून बांधावर बसला होता. चाळिशीचा माणूस, वीस वर्षं स्टिअरिंगवर. गेलेल्या बाई त्याच्याच वाडीतल्या. तो त्यांना काकू म्हणायचा. तो एकच वाक्य बोलत होता, "ब्रेक लागला न्हाई साहेब. पाय पार खाली गेला."

मी जीपमध्ये डोकावलो. किल्ली चालू स्थितीत, इंजिन बंद. समोर बॅटरीचा आणि इंजिन ऑइलचा दिवा लाल जळतोय. ब्रेकचा दिवा, तो गोलातल्या उद्गारचिन्हाचा, पेटलेला नाही. मी पंचनाम्यात लिहिलं, 'ब्रेकचा दिवा पेटलेला आढळला नाही.' खाली दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'हँडब्रेक पूर्ण ओढलेल्या स्थितीत.' पंचांच्या सह्या घेतल्या. हवालदारांनी बॅटरीच्या वायरी सोडल्या आणि जीप ओढून ठाण्याच्या आवारात आणली.

मोटार वाहन निरीक्षक येऊन गेले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी आहे, मागच्या चाकाची नळी तुटली आहे, पण ती आधी तुटली की धडकेत तुटली, हे नुसतं बघून सांगता येणार नाही.

म्हणजे सगळं जबाबावर आलं. जीपचा मालक आला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. म्हणाला, "गाडी एकदम टकाटक होती साहेब. ह्याचाच पाय जड. उतारावर न्यूट्रल करतो, किती वेळा सांगितलं."

ड्रायव्हरला समोर बसवलं.

"ब्रेक आधीच गेला होता म्हणतोस. मग दिवा का नाही लागला?"

"दिवा न्हवता लागला साहेब."

"मग ब्रेक ठीक होता."

तो गप्प झाला. मालक लगेच म्हणाला, "बघा! दिवा नव्हता ना? तुम्हीच लिहिलंय ना साहेब? मग झालं तर."

आणि मला ते पटलं! आज लिहितानाही कान गरम होतात. हयगयीनं गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत, असा गुन्हा ड्रायव्हरवर दाखल झाला. जामीन मिळाला, पण चौकशीला रोज सकाळी यायचं. तो यायचा, सही करायचा, बाकावर बसून राहायचा. कुणी चहा दिला तर घ्यायचा नाही.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "घरचे कसे आहेत?"

"वाडीत कुणी बोलत न्हाई साहेब. काकूच्या घरधन्यानं निरोप धाडलाय, दहाव्याला घाटावर दिसू नको. पोलिसांनी लिवलंय तुजीच चूक हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "लहानपनी तिच्याच ताटात जेवलोय म्या. मला जेल झाली तर होऊ द्या. पर दहाव्याला उबं राहाया मिळावं."

पोलिसांनी लिवलंय. म्हणजे मी.

सहाव्या दिवशी दुपारी एक धनगर मावशी ठाण्यात आल्या. वरच्या पाड्यावरून रोज दुधाची किटली घेऊन त्याच जीपच्या पुढच्या सीटवर बसणाऱ्या. अपघाताच्या दिवशी म्हैस व्याली म्हणून राहिल्या होत्या. ठाणे अंमलदारानं कामाचं विचारलं तर म्हणाल्या, "तुज्याशी न्हाई, लिवनाऱ्याशी बोलायचंय."

माझ्यासमोर बसल्या नाहीत, उभ्यानंच सुरू झाल्या.

"साहेब, आमी त्या गाडीला नारळ फोडला व्हता."

"कधी?"

"पंधरा दीस झालं. तो लाल दिवा गेला ना, तवा."

मी पेन खाली ठेवलं. "कुठला दिवा?"

"म्होरं जळायचा की! महिनाभर डोळा वटारून बसला व्हता आमच्याकडं. आमी बाया भ्यायचो. ड्रायवरला इचारायचो, ह्यो का रं लाल? तो मालकाला सांगायचा. मालक म्हनायचा हँडब्रेकचा दिवा हाय, तेला काय हुतंय. मंग एक दीस बसलो तर दिवा न्हाई. आमाला वाटलं गाडी बरी झाली. म्याच नारळ आनला. काकूनं फोडला." त्या थांबल्या. "तिनंच फोडला वो."

मी लगेच ड्रायव्हरला आत बोलावलं. "दिवा महिनाभर जळत होता हे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बहिनीच्या लग्नाच्या सुपारीला दोन दीस रजेवर व्हतो. आलो तर दिवा गेलेला. मालक म्हनले, काम करून घेतलं. म्या बी खूश झालो. म्या इचारलं न्हाई काय काम केलं. तुमी म्हनला दिवा नव्हता म्हंजी ब्रेक ठीक व्हता. मला बी वाटलं, आसंल, माजाच पाय चुकला आसंल."

बघा! स्वतःच्या पायाला जाणवलेलं तो विसरायला लागला होता, माझ्या एका वाक्यामुळं.

तरी पुरावा कुठं होता? मालक म्हणणार, दुरुस्ती केली म्हणून दिवा गेला. पावती विचारली तर म्हणाला हरवली.

सातव्या दिवशी सकाळची गोष्ट. ठाण्यात हजेरी झाली, एक शिपाई गैरहजर होता, मी डायरीत लाल शाईनं नोंद केली. मग हवालदारांबरोबर सरकारी जीपमध्ये बसलो. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. सगळे दिवे एकदम पेटले. गाडी चालू केल्यावर एकेक करून गेले. हँडब्रेक सोडला, तोही गेला. हे मी हजार वेळा बघितलं असेल. पण त्या दिवशी विचारलं, "तुम्ही रोज असे थांबता कशाला?"

"हजेरी घेतो साहेब."

"कुणाची?"

"दिव्यांची. किल्ली फिरवली की समद्यांनी हजर म्हनायचं. मंग बसायचं खाली. जो पेटलाच न्हाई तो बरा हाय आसं न्हाई, तो पळून गेलेला आसतो. तुमी आत्ताच न्हाई का लाल शाई केली?"

मी दार उघडून तसाच परत आत पळालो. तेव्हा पळता येत होतं. पंचनामा काढला. माझंच अक्षर. ब्रेकचा दिवा पेटलेला नाही. हँडब्रेक पूर्ण ओढलेला. अरे! हँडब्रेक ओढला की तोच दिवा पेटतो! ऑइल संपलं तरी तोच पेटतो. त्या जीपमध्ये हँडब्रेकही ओढलेला होता आणि टाकीही रिकामी होती. दिवा लागायला दोन दोन कारणं, आणि दिवा काळा. उत्तर माझ्या दोन ओळींमध्ये सात दिवस बसून होतं.

मागोमाग आत आलेल्या हवालदारांना विचारलं, "पण हवालदार, ड्रायव्हरला रोज हँडब्रेक ओढताना कळलं नसेल?"

हवालदार हसले नाहीत, पण मिशी हलली. "साहेब, हितं वडापवाला हँडब्रेक कवा वढतो? गिअरमदी टाकतो आन् चाकाखाली धोंडा लावतो. त्यानं आयुष्यात हँडब्रेक वढला आसंल तर त्या उतारावरच."

पंच बोलावले, निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. आठव्या दिवशी आवारात, भर उन्हात, हवालदारांनी बॅटरीच्या वायरी जोडल्या. मी किल्ली फिरवली. बॅटरी हजर. ऑइल हजर. ब्रेक गैरहजर. हँडब्रेक ओढला. गैरहजर. निरीक्षकांनी मीटरची पाटी खोलली. मागं बल्बचे होल्डर होते, एकामध्ये बल्बच नव्हता. जळालेला नाही, तुटलेला नाही. काढलेला. दुसरा बल्ब लावला आणि तो लाल डोळा असा भडकला की पंचांपैकी एक जण मागं सरला.

वायरमन शोधायला वेळ लागला नाही, त्या भागात वडापच्या गाड्यांचं वायरिंग करणारे असे कितीसे असणार! हायवेच्या बाजूला त्याचं छोटं दुकान. पन्नाशीचा, भिडस्त माणूस. मी बसलो, पाणी प्यालो, आणि एवढंच विचारलं, "बल्ब कुठंय?"

त्यानं स्क्रूचा डबा पुढ्यात ओतला आणि त्यातून बल्ब उचलून दिला.

"मालक म्हनले, दिवा घालव. म्या दिवा घालवला."

"दिवा का लागतोय ते नाही बघितलं?"

"म्या म्हनलो त्यास्नी, ऑइल गळतंय, मेस्त्रीकडं न्या. ते म्हनले, सीजन हाय, गाडी उबी करता येत न्हाई, आन् बाया दिवा बघून कुरकुरत्यात. तू तुजं काम कर." मग सांडलेले स्क्रू एकेक करून डब्यात भरायला लागला. "घरातला दिवा इझवाया हात कचरतो आपला. हितं न्हाई कचरला."

मी जबाब त्याच्याच शब्दांत लिहून घेतला. बल्ब मुद्देमालात जमा केला. मालकाला बोलावलं तेव्हा तो आधी सवयीनं गोड बोलला. मी बल्बची पुडी टेबलावर ठेवली. "दिवा नव्हता ना साहेब," असं मीच म्हणालो ह्या वेळी. तो खुर्चीत खाली सरकला. मालक आणि वायरमन दोघांची नावं गुन्ह्यात वाढली. खटला अजून चालू आहे म्हणून तेवढ्यावरच थांबतो.

पण माझं काम संपलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी मी नदीवर गेलो. ड्रायव्हर बरोबर होता, तो वरच झाडाखाली थांबला. काकूंचे यजमान पायरीवर बसले होते, सत्तरीला टेकलेले. मी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की दिवा नव्हता म्हणून ब्रेक ठीक होता हे मी लिहिलं, ते चुकलं. दिवा काढून टाकला होता. ब्रेक आधीच गळत होता. ह्यानं शेवटच्या घडीला हँडब्रेक ओढून बघितला, ते माझ्याच कागदात आहे.

म्हाताऱ्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग वर बघून हाक मारली, "आरं ए, तिथं काय पावन्यावानी उबा? खाली यं."

तो उतरून आला आणि त्यांच्या पायाशी बसला. "काका, महिनाभर दिवा बघत व्हतो म्या. गाडी उबी कराया पायजे व्हती. न्हाई केली."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "न्हाई केली. आन् तिनं नारळ फोडला. आता उठ, पानी घाल."

माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. पण त्याला उभं राहायला मिळालं.

ह्या केसनं मला काय शिकवलं, हे मेहुण्याला फोनवर सांगितलं तेच इथं सांगतो. लाल दिवा लागला की गाडी थांबवायची, पिवळा लागला की मेस्त्री गाठायचा, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण जो दिवा कधी लागतच नाही त्याच्याकडं कुणी बघत नाही. मीही नाही बघितलं, आणि माणसांच्या बाबतीतही तेच करत होतो. चौकशीत जो आरडाओरडा करतो त्याच्याकडं आमचं लक्ष. जो गप्प बसतो त्यानं गुन्हा कबूल केला असं धरून आम्ही मोकळे होतो. त्या ड्रायव्हरचं गप्प बसणं मी असंच वाचलं होतं. त्यानंतर सेवेत होतो तोवर कुणी गप्प झालं, की मी पेन ठेवायचो आणि वाट बघायचो.

गेल्या महिन्यात वेल्ह्याला काम होतं. गुडघ्यामुळं गाडी चालवता येत नाही, म्हणून वडापमध्ये बसलो. दुसरी गाडी, दुसरा मालक, स्टिअरिंगवर मात्र तोच. मला बघून मान हलवली. खाली उतरून चाकाखालचा धोंडा काढला, आत आला, हँडब्रेक ओढला आणि किल्ली अर्धी फिरवून थांबला. पुढच्या सीटवर धनगर मावशी किटली मांडीवर धरून डॅशबोर्डवर बोट फिरवत होत्या. मागं माणसं ताटकळलेली, पण एकानंही घाई केली नाही.

मावशींचं बोट शेवटच्या लाल गोलावर आलं.

"हजर," त्या म्हणाल्या. "चल आता."