बायकोचा आश्रित म्हणून अमेरिकेचा व्हिसा काढताना

हल्ली आमची नातवंडं घरबसल्या व्हिसाचे अर्ज भरतात आणि वर कंटाळा आला म्हणतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी सत्तरच्या दशकातली आमची ही व्हिसाची यात्रा लिहून काढतोय.

बायको वत्सला शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शिक्षकांच्या अदलाबदलीच्या योजनेत तिची वर्षभरासाठी अमेरिकेला निवड झाली. तिकडून आलेल्या कागदावर ती 'सहभागी', आणि तिच्या खाली तिच्यावर अवलंबून असलेले दोन जीव: एक मी, दुसरी आमची दीड वर्षाची रोहिणी. मी बँकेत कारकून. बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि त्या दिवसापासून बँकेत माझं नाव पडलं 'आश्रित'. "आश्रितांनी चहा घेतला का?" अरे, तुमच्यातले निम्मे बायकोच्या जिवावरच जगताय, फक्त माझं तेवढं टाइप करून आलंय!

वत्सलानं आधीच बजावून ठेवलं होतं, "पोरीला व्हिसा नाही मिळाला तर मी जाणार नाही. नंतर कुणी समजूत घालायला यायचं नाही."

मुलाखत मुंबईला. निमोण्याहून निघायचं ठरलं, कारण रोहिणी तिथं माझ्या वडिलांकडे होती. वडील, म्हणजे आप्पा, गावचे माजी सरपंच. पोरगी त्यांच्या मानेला अशी चिकटायची की सोडवायला दोन माणसं लागायची. तेव्हा आप्पाही निघाले. निघताना त्यांनी मला कॉलर विरलेला शर्ट घालायला लावला.

"सायेब दिसला की गरीब व्हायचं," ते म्हणाले.

"आप्पा, हे अमेरिकेचं सरकार आहे."

"सरकार त्ये सरकारच."

जादा जमीन सरकारजमा करणाऱ्या सिलिंगच्या कायद्याच्या धास्तीनं आप्पा तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांपुढं इतक्यांदा गरीब झाले होते की त्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. वत्सलानं मात्र ठेवणीतली साडीच नेसली.

निमोण्याहून एसटीनं न्हावरं, तिथून दौंड. रस्ता म्हणजे खडी आणि मधूनमधून डांबराची आठवण. भीमा ओलांडली की दौंडचा इंजिनांचा धूर दिसायचा आणि जिवात जीव यायचा. स्टेशनाबाहेर गरम भजी खाल्ली. तेल कालचं होतं, पण भूक आजची होती. दुपारची गाडी पकडून मुंबई. गावच्या एका गिरणीकामगाराच्या लालबागच्या खोलीवर मुक्काम. त्यानं स्वतःचं अंथरूण आम्हाला दिलं आणि आपण गॅलरीत झोपला.

सकाळी वकिलातीत. समोर समुद्र, आत पंखे, आणि लोकांच्या हातात एवढाल्या फायली. रोहिणीनं आप्पांची मान सोडली नाही, म्हणून आप्पाही आत. बाह्या दुमडलेला एक लालबुंद गोरा साहेब, आणि शेजारी दुभाष्याचं काम करणारे एक मराठी कारकून. वत्सलानं इंग्रजीत फाडफाड उत्तरं दिली. साहेब खूश. मग त्यानं आप्पांकडे बघून विचारलं, गावाकडं तुमचं काय काय आहे?

झालं! आप्पांचा चेहरा असा काही उतरला की मलाच त्यांची दया आली.

"काय न्हाई, सायेब. घर पडाया झालंय. जमीन म्हंजी निस्ता खडक. खायाची मारामार हाय."

कारकुनांनी कपाळावरचा घाम पुसत ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं पेन खाली ठेवलं. कारकून म्हणाले, "बाईंचं काम झालंय. पण साहेब विचारतात, इथं काहीच नाही, तर सगळं कुटुंब तिकडं गेल्यावर परत कशाला येईल? या दोघांचा व्हिसा देता येणार नाही."

वत्सलानं कागद गोळा केले आणि फायलीची नाडी बांधायला घेतली.

"थांब, सूनबाई," आप्पा म्हणाले. मग साहेबाकडे वळले. "मगाशी बोललो त्ये खोटं. जमीन हाय. बागायत हाय. दोन हिरी हायेत, चैतात बी तळ दिसत न्हाई. थोडी बहिणीच्या नावावर हाय, थोडी मेव्हण्याच्या."

मेव्हण्याचं मलाही तेव्हाच कळलं!

"माझा ह्यो एकुलता एक पोरगा. ही माणसं परत आली न्हाईत, तर त्या जमिनीला काय करायचंय मला?" मग कारकुनांना हळूच म्हणाले, "सायबाला म्हनावं, शिरूरच्या तहसीलदाराला यातलं काय कळवू नका."

कारकुनांनी तेही इंग्रजीत सांगून टाकलं. साहेब खुर्चीत मागं रेलून हसला. तिघांचाही व्हिसा झाला.

परतीच्या वाटेवर दौंडच्या एसटी स्टँडवर चहा घेताना मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या गरिबीनं आज बुडवलं होतं आपल्याला."

"व्हय. ठाऊक व्हतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"शिरूरच्या वकिलानं सांगितलं व्हतं. जमीनजुमला दावा, न्हाईतर व्हिसा देत न्हाईत." रोहिणी त्यांच्या खांद्यावर झोपली होती, तिच्या पाठीवर ते थोपटत राहिले. "म्हनलं, व्हिसा अडकला तर अडकू दे. पोरगी हितं राहील. आत्ता कुठं आप्पा म्हनाया लागलीया."

माझं डोकंच फिरलं. वत्सलानं विचारलं, "मग खरं कशाला सांगितलंत?"

"तू फाईल बांधाया लागलीस, पोरी. न्हाई बघवलं."

निमोणं येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. उतरल्यावर मात्र म्हणाली, "निघेपर्यंत रोहिणी तुमच्याकडंच राहू दे, आप्पा."

वर्षभरानं आम्ही ठरल्याप्रमाणे परत आलो. रोहिणी तोवर चुरूचुरू बोलायला लागली होती, सगळं इंग्रजीत. आप्पांनी हात पुढं केले आणि ती आईच्या मागं लपली. महिन्याभरात पुन्हा त्यांच्या खांद्यावर चढली म्हणा, पण तो पहिला दिवस आप्पा गोठ्यातच बसून राहिले.

तेव्हा जाणाऱ्यांनो, सातबारा न्या, बँकेचे कागद न्या, भजी ताज्या तेलातली खा. आणि निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्हाला कसं वाटतंय म्हणून. आमच्या आप्पांना सगळं विचारलं ते त्या गोऱ्या साहेबानं. आम्ही काहीच विचारलं नव्हतं.