भोपूच्या ऑपरेशनची फी

माझी थोरली बहीण लोकांना गाडी चालवायला शिकवते. एक जुनी गाडी, टपावर शाळेची पाटी आणि मागच्या सीटवर भोपू नावाची कुत्री, एवढाच काय तो पसारा. भावजी गेले तेव्हा सगळे म्हणाले, गाडी विकून टाक. ताईने गाडीला स्वतःच्या बाजूने दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि शाळा काढली. पहिलं वर्ष लोक हसले. आता त्याच लोकांच्या सुना तिच्याकडे शिकतात, आणि सुनांवर नजर ठेवायला आलेल्या सासवाही शिकून जातात.

ताई कुणावर ओरडत नाही. क्लच सोडताना गाडीने उडी मारली की म्हणते, "जिवंत आहोत, चला पुढे." आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगते, "गाडी येईपर्यंत शिकवेन. वर एक पैसा घेणार नाही." मी कितीदा बजावलं, असं बोलू नये, एखादा मठ्ठ भेटला तर जन्मभर शिकवत बसशील. पण ऐकेल तर ती ताई कसली!

भोपूचा धंद्याला मोठा आधार. घाबरलेल्या बाईच्या खांद्यावर ती मागून नाक टेकवते, की बाईचा श्वास जागेवर येतो. पण भोपू वयात आली आणि सगळं बिनसलं. ती माजावर आली की झाडून सगळे कुत्रे गाडीमागे. दुसरी गाडी असती तर निसटली तरी असती. ही शिकाऊ, चालणार मुंगीच्या पावलांनी. पुढे गाडी आणि मागे नवरदेवांची वरात! एका नवरदेवाने पुढच्या चाकाशीच झेप घेतली, आणि शिकणाऱ्या आजोबांनी गाडी नेऊन विजेच्या खांबाला भिडवली. खांबाला काही झालं नाही. आजोबा मात्र दुसऱ्या शाळेत गेले आणि त्यांच्यामागून बाकीचेही गळू लागले.

"कुत्री देऊन टाक कुणाला तरी," मी म्हटलं. "धंदा बुडाला तर खाशील काय?"

ताईने भोपूला जवळ ओढून घेतलं. संध्याकाळी कुलूप काढल्यावर त्या घरात तिच्याशी बोलायला दुसरं होतं कोण? मी राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या संसारात बुडालेली. माझं मलाच वाईट वाटलं.

प्राण्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, नसबंदी करून घ्या. मादीचं ऑपरेशन मोठं असतं, गर्भपिशवी काढावी लागते. भूल, टाके, औषधं धरून त्यांनी आकडा सांगितला आणि माझे डोळेच पांढरे झाले. दोन महिन्यांचं पेट्रोल आलं असतं तेवढ्यात!

"कुत्रीसाठी एवढे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोट तिचंही उघडायचंय," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आणि नीट शिवायचंय."

ताईला ते उत्तर आवडलं. तिने विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला गाडी येते?"

"नाही हो."

"मग असं करू. एवढे पैसे आत्ता माझ्याकडे नाहीत, त्या बदल्यात तुम्हाला गाडी येईपर्यंत शिकवेन."

झालं! रोजचं वाक्य, जिभेवरून घसरलं. शहाण्या माणसाने महिनाभर शिकवेन म्हटलं असतं.

ऑपरेशन झकास झालं. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून भोपू थोडे दिवस दारांना धडकत फिरली, टाके सुकले, वरात बंद झाली, माणसं परत शिकायला येऊ लागली. त्यांच्यात डॉक्टरही आल्या.

आणि काय सांगू! मांजर दिसलं की ब्रेक. कागद उडाला की ब्रेक. मग हात सोडून, डोळे गच्च मिटून बसायच्या. तरुणपणी वडिलांची गाडी शिकताना एक कुत्रं त्यांच्या चाकाखाली आलं होतं. म्हणून तर त्या प्राण्यांच्या डॉक्टर झाल्या, आणि म्हणूनच गाडीला पुन्हा कधी हात लावला नाही.

महिन्यांमागून महिने गेले. "आवळा घेऊन कोहळा दिलास," मी ताईवर चिडले. "एवढ्या पेट्रोलात गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी झाली असती!"

शेवटी डॉक्टरच म्हणाल्या, "मॅडम, पुरे आता. फी कधीच फिटली. मी आपली बसने जाईन."

"अर्धेच टाके घालून भोपूला घरी पाठवलं होतंत का?" ताईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा हजर. मला राग आला, पण खरं सांगते, ऊरही भरून आला. दिलेल्या शब्दासाठी एवढी पदरमोड करणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही. मी तर नाहीच नाही.

एका रविवारी मीही गाडीत होते, मागे भोपूशेजारी. बंद कारखान्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरांनी वाळक्या पानासाठी ब्रेक मारला. ताई खाली उतरली, मागचं दार उघडून भोपूचा पट्टा धरला आणि चालत बरीच पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. भोपू तिच्या पायाशी.

"या!" ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "माझ्यापर्यंत या आणि थांबा."

"नाही जमणार मला!" डॉक्टर रडायलाच लागल्या. "काही झालं तर?"

"ताई, वेड लागलंय का तुला?" मी खिडकीतून किंचाळले. तिच्या बाजूचा ब्रेक दाबायला कुणी नव्हतं, आणि मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

"डॉक्टर, भोपूला तुमच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मी विचारलं होतं का, काही झालं तर?"

गाडी निघाली. रडत रडत का होईना, डॉक्टरांनी डोळे मिटले नाहीत. भोपू येडी, शेपटी हलवत उभी. मध्येच एक प्लास्टिकची पिशवी आडवी उडत गेली, डॉक्टरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताईच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर गाडी अलगद थांबली.

मी धावत गेले ती भांडायलाच. पण ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. पट्टा घ्यायला गेले तर तिची मूठ उघडेना, एकेक बोट सोडवावं लागलं.

"एवढी घाबरली होतीस तर उभी कशाला राहिलीस गं?" मला रडूच फुटलं. "फिटली ना बाई एकदाची फी?"

ताईने घाम पुसला, आपल्या सीटवर जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

"फिटते कसली?" ती म्हणाली. "रिव्हर्स कुठे येतोय त्यांना अजून?"