आजची तीट

आवडाबाईसारखे कुत्र्यांचे फोटो उभ्या शहरात कुणी काढत नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, ती स्वतःच सांगते. नम्रपणा तिच्या वाट्याला आला नव्हता आणि तिनंही तो कधी मागितला नाही.

बाई वैजापूरकडची, पडेगावच्या सांडूंच्या घरात दिलेली. नवरा पुंजाराम म्हशी राखायचा. तो गेला, मागोमाग म्हशी गेल्या आणि गोठा रिकामा पडला. दिरांच्या मनात तिथं गाळे काढायचं होतं. आवडाबाईनं गोठ्याला चुना मारला, जाळ्या बसवल्या आणि परगावी जाणाऱ्या लोकांची कुत्री सांभाळायला घेतली. भावकीत बोभाटा झाला. थोरला दीर कारभारी अंगणात येऊन उभा राहिला.

"सांडूंची सून आता कुत्र्याची घाण काढणार व्हय?"

"म्हशीचं शेण काढत व्हते तवा कुणाला लाज वाटली नाय, भाऊजी. दूध प्यायला तर समदे येत व्हते."

कारभाऱ्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

मालकांना रोज सकाळी फोटो जायचा. दुसरीकडं कुत्र्यांना गॉगल घालतात, गळ्यात टाय बांधतात. एका बाईंनी तसाच फोटो हवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा आवडाबाई म्हणाली, "तुमचं लेकरू पाळणाघरात ठिवलं अन् त्येला दाढीमिशी लावून फोटो धाडला, तर ते जेवलं का रडलं तुमाला कसं कळंल?" बाईंचा हट्ट तिथंच निवला.

तिची रीत ठरलेली होती. चुन्याची भिंत आणि कोवळं ऊन. कुत्र्याची चिपडं ओल्या फडक्यानं पुसायची, साखळी सोडायची. साखळी दिसली की लांब बसलेल्या मालकाचा जीव तुटतो. मग मातीत मांडी घालून बसायचं आणि फोन कुत्र्याच्या डोळ्यांसमोर धरायचा. नावानं हाक मारायची नाही, नाहीतर ते अंगावर येतं आणि फोटोत नुसतं नाक उरतं. वाळली भाकरी कडकन मोडायची, कान टवकारले की बोट दाबायचं. फोटो ज्याचा त्यालाच जायचा. स्टेटसवर कधीच नाही, कारण त्यानं कुणाचं घर बंद आहे ते चोरालाही कळतं.

आणि फोटोच्या आधी तीट. एवढं गोजिरं जनावर मालक दहा जणांना दाखवणार, मग दृष्ट लागायला कितीसा वेळ? एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ ती बोटानं कपाळाच्या मधोमध लावायची. काळ्या कुत्र्याला हळदीची तीट. हसणारे हसत. ती म्हणे, हसा, माझ्याकडचं एकही कुत्रं खंगून गेलेलं नाय.

औरंगपुऱ्यातले केशवराव तिच्याकडं रिक्षातून आले ते मांडीवर बंड्याला घेऊन. पांढरा गावरान कुत्रा, डावा कान फाटलेला. बायको गेल्यापासून घरात हे दोघंच. केशवराव घरात पडले होते आणि गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"रोज फोटो पाठवा," ते म्हणाले. "हसराच हवा असं नाही. जसा असेल तसा."

"रोज धाडते. शब्द देते, काका."

पहिल्या दिवशी बंड्यानं कॅमेऱ्याला पाठ दाखवली. भाकरी मोडली तरी वळला नाही. आवडाबाईनं ती पाठच पाठवली. दवाखान्यातून उत्तर आलं, "रुसलाय. माझ्यावरच गेलाय." दोन-चार दिवसांनी स्वारी वळली, कान उभे राहिले. त्या फोटोवर केशवरावांनी काहीच लिहिलं नाही, नुसता फोन केला आणि बराच वेळ नाक ओढत बसले.

मग एक दिवस त्यांच्या मुलाचा, मुकुंदचा, पुण्याहून फोन आला.

"मावशी, बाबांना आता मी पुण्याला नेणार आहे. एकटे राहिले तर पुन्हा पडतील. पण फ्लॅटमध्ये कुत्रं चालायचं नाही. त्या कुत्र्याला कुणाला तरी देऊन टाका, आणि फोटो पाठवणं बंद करा. ते हळूहळू विसरतील."

"कुत्रं तुमच्या वडलांनी दिलंय. बंद कर म्हणून त्येंनी सांगावं."

"तुमचा काय संबंध यात?"

"मी शब्द दिलाय, ह्यो संबंध," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला.

पण त्या फोटोला उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग एका अनोळखी नंबरवरून फोन वाजला. दवाखान्यातल्या नर्सचा फोन मागून घेऊन केशवराव बोलत होते, आणि आवाज अगदी खाली गेलेला होता.

"आवडाबाई, खरं सांगा. मुकुंद म्हणतो, बंड्या तापानं गेला. म्हणतो, ती बाई जुनेच फोटो पाठवतेय. माझा फोनही तो घेऊन गेलाय. न्यायच्या आधी मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. तीच भिंत, तेच ऊन, तीच तीट. काही कळेना मला."

आवडाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. जित्या जनावराला मेलं म्हणतो! आणि जास्त झोंबलं ते हे, की तिच्याच नेमानं तिला खोटं पाडलं होतं. रोज एकाच जागी काढलेला फोटो आजचा की कालचा, हे कोण सांगणार? ती बंड्याकडं बघत राहिली. तो उन्हात पसरून तिच्या चपलेचा पट्टा चावत होता.

"काका, उद्या तीट कुठं लावू?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तुमी सांगाल तिथं लावते. जुन्या फोटूत ती कशी यील?"

मग केशवराव म्हणाले, "पुढच्या डाव्या पायावर."

सकाळी डाव्या पायावर ठसठशीत काळी तीट उमटली आणि फोटो नर्सच्या फोनवर गेला. दुसऱ्या दिवशी फाटक्या कानाखाली. पुढं म्हातारा चेकाळलाच. शेपटीच्या टोकाला लावा म्हणाला, मग एकदम दोन लावा म्हणाला. सगळा वॉर्ड फोटोची वाट बघायला लागला. वॉकर धरून चालायला कुरकुरणारे केशवराव आता फोटो दाखवत या खाटेवरून त्या खाटेपर्यंत जाऊ लागले.

मुकुंदला ते कळलं तसा तो तणतणत पडेगावला आला.

"तुम्ही माझ्या वडिलांना माझ्याविरुद्ध भडकवताय. मी तक्रार करेन."

"करा. मी फोटू काढते, चोरी नाय करत." ती उठलीसुद्धा नाही, एका लॅब्रॅडॉरची चिपडं पुसत होती. "बापाची काळजी वाटती तर दोघांना न्या पुण्याला. नायतर दोघांना हितंच ऱ्हाऊ द्या. पन जित्याला मेलं म्हणू नका. आज कुत्र्याला म्हणलात, उद्या त्येंनाबी म्हणाल, बापाला ते कळत नाय व्हय?"

मुकुंद लाल झाला. त्याची नजर जाळीकडं गेली. बंड्या त्याला ओळखून शेपूट हलवत होता, आणि शेपटीच्या टोकाला काजळ होतं. तो तसाच मागं फिरला आणि तक्रार काही त्यानं केली नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर केशवराव रिक्षा करून थेट पडेगावला आले. बंड्या वॉकरला धडकला, रिक्षावाल्याला धडकला आणि त्यांच्या कुशीत शिरला. आवडाबाईनं मात्र तेव्हा फोटो काढला नाही. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि हे ती अजूनही कबूल करत नाही.

केशवराव पुण्याला गेले नाहीत. औरंगपुऱ्यातल्या घरात त्यांनी कामाला बाई ठेवली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. आता रोज सकाळी ते स्वतः फोटो काढतात. फार वाईट काढतात, कधी बंड्याचं डोकं कापलं जातं, कधी त्यांचं. तो फोटो ते मुकुंदला पाठवतात आणि त्याची एक प्रत आवडाबाईला. त्यात कुत्र्याला रोज नव्या जागी तीट असते आणि म्हाताऱ्यालाही.

खाली एकच ओळ असते: "दोघंही आहोत. फोटो आजचाच आहे, तीट बघ."