खिडकीतली दाढी

त्याच्या दुकानात एकच कायदा होता: खुर्चीत बसलेल्याने वाद घालायचा नाही. बाकावरच्यांनी खुशाल घालावा. गळ्यावर वस्तरा असताना मान हलली तर रक्त निघतं, एवढं साधं कारण. पण त्यामुळे तावातावाने भांडणारा माणूसही पाळी आली की मुकाट बसे आणि निम्मी भांडणं साबणाच्या फेसातच विरून जात. खुद्द त्याला गिऱ्हाइकं 'पंच' म्हणत, कारण तीस वर्षांत त्याने कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

टाळेबंदी आली, दुकानाचं शटर खाली आलं आणि पंचाने आयुष्यात पहिल्यांदा बाजू घेतली. समोर होती ताई. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दवाखान्यात नर्स. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. ती वरच्या खोलीत राही, तो खाली. ती ड्यूटीवरून आली, अंघोळ करून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, की हा खालच्या पायरीवरून तोफ डागायचा.

"कुलपं लावून रोग जातो का? रोगाआधी माणसंच मरतील. रिकाम्या हातांनी, एकेकटी."

"एकदा माझ्या वॉर्डात ये. खाट एक आणि माणसं तीन. कुणाला झोपवायचं ते मी ठरवते. मी! मग सांग मला कुलपांचं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोघांचंही खरं होतं आणि दोघंही भांडत होती, यात मला तरी नवल वाटत नाही. खोटं बोलणाऱ्याला समजावता येतं, खरं बोलणाऱ्याशी काय करणार?

पंचाच्या त्राग्यामागे एक माणूस होता. दुकानामागच्या बोळात, तळमजल्यावर एका खोलीत घड्याळकाका राहत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि आता हात असे थरथरत की चहाचा कप ओठांशी येईतो निम्मा बशीत. म्हणून दर रविवारी पंच त्यांच्या घरी जाऊन दाढी करायचा. वीस मिनिटांची दाढी, दीड तासाच्या गप्पा. आठवड्याभरात काकांना हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, मी तोंड बांधून जातो. पाच मिनिटं."

"रोज मी कुठून येते? मी येते त्याच घरातून तू जाणार, त्यांच्या तोंडाशी तोंड नेणार. त्यांचं वय बघ. नाही म्हणजे नाही."

त्याने ऐकलं. ताईचं त्याने कधी मोडलं नव्हतं. पण रविवारी तो काकांच्या बंद खिडकीबाहेर उभा राहिला आणि काचेवर टकटक केली. काका आत वाटी, ब्रश आणि साधं रेझर घेऊन बसले.

"मी आरसा आहे असं समजा," तो ओरडला. "मी करतो तसं करा."

आता आरसाच व्हायचं तर काकांच्या उजव्या हातासमोर याचा डावा हात हवा. डाव्या हाताने त्याने कधी केसही विंचरले नव्हते! काकांना धीर यावा म्हणून यानेही खरंच रेझर धरलं, आणि पहिल्याच ओढीला स्वतःची हनुवटी कापून घेतली. काका आत इतके हसले, इतके हसले, की त्यांना रेझर खाली ठेवावं लागलं. त्यांचा एकच गाल झाला. हात दमला. उरलेला गाल पुढच्या रविवारी करायचा ठरला, तोवर पहिल्यावर खुंट आले. दोन महिने काकांचा एक गाल गुळगुळीत आणि एक रानटी असाच कारभार चालला.

"आत ये की रे," एका रविवारी काका काचेपाशी येऊन म्हणाले. हसत नव्हते. "कुणी बघत नाही."

"ताई नाही म्हणते, काका."

"बरं. तिचं बरोबर असेल."

त्या बुधवारी काका गेले. झोपेत, हृदय थांबून. रोगाची तपासणी झाली, तो नव्हताच. दुपारी ताई स्वतः हातमोजे घेऊन खाली आली आणि म्हणाली, "जा आता." आता आत जायला परवानगी होती. पंचाने उजव्या हाताने, सावकाश, त्यांचा राहिलेला गाल केला.

त्यानंतर जिन्यातला वाद बंद पडला. दोघं हवा-पाण्याचं बोलत.

महिन्याभराने शटर वर गेलं. बाकावर पहिल्याच दिवशी जुंपली. किराणावाला म्हणे, फुकट कोंडलं, धंदे बुडाले, पोरांची शाळा गेली. निवृत्त मास्तर म्हणे, कोंडलं म्हणून तू आज बोलायला शिल्लक आहेस. "पंच, तुम्ही सांगा!" दोघं एकदम म्हणाले. पंचाने कात्रीतले केस झटकले. "दुकान बंद व्हायची वेळ झाली," तो म्हणाला. अजून अर्धा दिवस बाकी होता.

संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ताई आली. टोपीखाली घामाने चिकटलेले केस. ती सरळ खुर्चीत बसली.

"बारीक कर. आणि बोल. मी खुर्चीत आहे, वाद घालणार नाही."

त्याने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री उचलली, खाली ठेवली.

"तुझ्यावर राग नाही, ताई. मी आत गेलो असतो आणि त्यांना काही झालं असतं, तर मी जगलो नसतो."

ताई आरशात बघत राहिली.

"दूध आणायला रोज बाहेर पडायचो. वाट त्यांच्या खिडकीवरूनच. पण मी रविवारीच थांबायचो, दाढीचा वार म्हणून. बाकीचे सहा दिवस घरी बसून तुझ्याशी भांडत होतो, की म्हातारी माणसं एकेकटी मरतील. आत जायला तू नाही म्हणालीस. खिडकीशी थांबायला कुणी नाही म्हटलं होतं?"

ताईने कापडाखालून हात बाहेर काढला आणि मागे त्याच्या मनगटावर ठेवला. कायदा पाळून ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने त्याने केस कापायला घेतले.