ऑरिनचा नकार

ऑरिन ट्वेटबद्दल कोणी विचारलं तर मी आधी सांगते, पोरगा सोन्यासारखा आहे. आणि मग सांगते, पण त्याच्या तोंडून मनातलं काढून घेणं महाकर्मकठीण. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या छोट्या कॉलेजात एकतीस वर्षं मी कॉम्प्युटर विभागाचं ऑफिस सांभाळते आहे. भिडस्त पोरं रग्गड पाहिली, पण याच्यासारखा हाच.

उंची सहा फूट चार इंच, आणि वावरणं असं की आपण जागा अडवतोय म्हणून सतत माफी मागावी. दुसऱ्यासाठी दार धरून उभा राहायचा, तेव्हा तो दुसरा अजून पार्किंगमध्येच असायचा. मार्क बरे. कसं चाललंय विचारलं की, "वाईट नाही." दोन वर्षं हेच उत्तर. पण लॅबमधून बाहेर येताना चेहरा मात्र दात उपटून आल्यासारखा.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी चार वाजता विषय बदलायच्या अर्जांची मुदत संपत होती. ती चुकली की पुढचं अख्खं वर्ष पुन्हा कॉम्प्युटरच. साडेतीनला ऑरिन कॅस्टेलानो सरांच्या खोलीत गेला. दार उघडं होतं आणि माझे कान काही बंद होत नाहीत.

सर न्यू जर्सीचे, नुकतेच आलेले, एक घाव दोन तुकडे बोलणारे.

"तू खूश दिसत नाहीस. विषय बदलायचाय? अर्ज दे, लगेच सही करतो."

"नको नको सर, कशाला त्रास? चाललंय की बरं."

"बरं," म्हणत सरांनी फाइल मिटली.

मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडे पहिला नकार ही नुसती रीत. दुसराही रीतच. केकचा तुकडा असो की बर्फात रुतलेली गाडी ढकलायची असो, तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस म्हणणार, "बरं, तुम्हाला अडचण नसेल तर." हे सरांना कोण सांगणार? ऑरिन बिचारा दुसऱ्यांदा विचारतील म्हणून खुर्चीत बसून राहिला. सर ईमेल वाचायला लागले, तेव्हा आभार मानून बाहेर आला.

मी अर्ज त्याच्यासमोर ठेवला. "भर."

"नको हो मार्लिसबाई, तुम्ही कामात आहात."

"भर म्हणते ना!"

"पण दुसरं काय करायचं तेही मला ठाऊक नाही. बदलून काय उजेड पाडणार?"

"हा चौकोन बघ. 'अजून ठरलेलं नाही.' तुझ्यासारख्यांसाठीच छापलाय."

"घरी काय सांगू? चर्चमध्ये सगळ्यांना सांगून झालंय, मुलगा कॉम्प्युटरवाला होणार म्हणून."

"ऑरिन, आता तिसऱ्यांदा विचारतेय. चौथ्यांदा विचारायला मी काही तुझी बायको नाही. तुला हे आवडतं का?"

त्याचे कान लालबुंद झाले.

"नाही," तो म्हणाला. "मला हे अजिबात आवडत नाही."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं सरळ वाक्य. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? त्याने चौकोनात खूण केली आणि मी अर्ज घेऊन सरांकडे गेले.

"पण तो तर नको म्हणाला!"

"सर, तो हो म्हणत होता."

डोकं खाजवत त्यांनी सही केली. ऑरिन मात्र सही झालेला अर्ज हातात धरून अडून बसला, आधी घरी फोन करणार, मगच अर्ज खालच्या मजल्यावरच्या मुख्य ऑफिसात देणार. चारला दहा मिनिटं उरलेली! त्याच्या आईचा आवाज खणखणीत, टेबलाच्या या बाजूला मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आई, मी कॉम्प्युटर सोडतोय. मला आवडत नाही. पुढे काय, ते माहीत नाही."

पलीकडून, "अगं बाई! तुला आवडत नाही?"

"नाही."

"अरे, तुझे बाबा पहिल्या वर्षापासून म्हणतायत, पोरगं पार सुकलंय. पण म्हटलं, तुला आवडतंय, तर आपण कशाला बोलून तुझं मन मोडायचं?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

"आम्हाला? आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही रे!"

ऑरिन हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. मी त्याच्या हातातला अर्ज ओढून घेतला आणि वयाचा विचार न करता, चारच्या आत तो खाली पोचवायला जिन्याकडे पळत सुटले.