दारातला खिळा

चाचांच्या दुकानात शिरताना आधी त्यांच्या चुका दिसायच्या. आमच्या सावली गावच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचा पंप जळला की लोक सायकलच्या कॅरिअरला त्याची मोटार बांधून त्यांच्याकडे आणत. जळलेली तांब्याची तार काढायची, तिचे वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे, वरून वार्निश ओतायचं आणि मोटार वाळवायची, हे त्यांचं काम. मोठी माणसं त्यांना मिस्त्री म्हणत. इतर दुकानदार दारात देवाची तसबीर लावतात, नाहीतर स्वतःच्या नावाची पाटी. चाचांनी दारात एक वीतभर खिळा ठोकला होता आणि त्यावर स्वतःच्या चुकीनं जळलेल्या मोटारींची काळी वेटोळी टांगली होती. प्रत्येक वेटोळ्याला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात दोन ओळी. पहिली ओळ काय चुकलं याची, दुसरी आता काय करतो याची.

"चाचा, हे पाहून गिऱ्हाईक पळून जाईल," मी एकदा म्हणालो.

"पळते त्याले पळू दे. मागून दुसऱ्याच्या तोंडून आयकल्यापेक्षा दारातच पाहून घेतलेलं बरं," ते म्हणाले आणि वेढे मोजायला लागले. मोजताना त्यांच्याशी बोललेलं चालत नसे. कुणी बोललंच तर ते सगळे वेढे उलगडून पुन्हा एकपासून सुरू करत आणि बोलणाऱ्याला समोर बसवून ठेवत.

खिळ्यावर सगळ्यांत आतलं, म्हणजे सगळ्यांत जुनं वेटोळं आमचं होतं. मी सातवीत असताना पावसानं ऐन धानाच्या रोवणीआधी दडी मारली, वावरातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले आणि त्यातच आमची मोटार जळली. चाचांनी ती भरून दिली, आणि बाबांनी ती आणून विहिरीवर लावली त्याच दिवशी पुन्हा जळली. दुसऱ्या दिवशी चाचा सायकल मारत आमच्या वावरात आले. "भाऊ, वार्निश ओलंच होतं. माही चूक," ते बाबांना म्हणाले. बाबा पाणी आणतो म्हणून विहिरीकडे वळले. चाचांनी रात्रंदिवस खपून मोटार पुन्हा भरून दिली, पऱ्हे वाचले. तेव्हापासून दुकानात वाळत ठेवलेल्या प्रत्येक मोटारीवर खडूनं मोठ्या अक्षरात 'ओली' लिहिलेलं असायचं. बाबा मात्र कधी दुकानात आलेच, तर त्या खिळ्याकडे पाठ करून बसायचे. दोनदा जळालेल्या मोटारीचा राग असेल, असं मला वाटे.

पुढे मी शिकलो, बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो. आई गेली आणि बाबा घरात एकटे उरले. बंगलोरहून सावली म्हणजे जाता-येता सुट्टी संपायची. हैदराबादहून मात्र रेल्वेनं बल्लारशाला उतरून दर दुसऱ्या शनिवारी घरी येता आलं असतं. म्हणून मी हैदराबादच्या कंपन्यांत सीनियर इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखती द्यायला लागलो, आणि लागोपाठ दोन ठिकाणी आपटलो. तिसरीच्या तयारीसाठी दहा दिवसांची रजा घेऊन घरी आलो, तर घरी आठ-आठ तास लोडशेडिंग. गावात दिवसभर वीज असलेली एकच जागा होती. चाचांनी ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या जोडून स्वतःचा इन्व्हर्टर बनवला होता. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसलो.

मोटार घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी मग माझी चौकशी करू लागला. "सात वर्षं नौकरी करून राह्यला, आन् आता अजून परीक्षा?" मी कागदावर आकृत्या काढत बसलो की चाचा चष्मा कपाळावर चढवून पाहत. आमच्या विषयात माहितीची मांडणी झाडासारखी काढतात, मूळ वर आणि फांद्या खाली.

"झाडं उलटी काऊन काढून राह्यला बे?"

"असंच काढतात चाचा."

"जंगलखात्याच्या माणसाले दाखवू नको. आन् मले सांग, सीनियर म्हणजे काय? केस पिकले की सीनियर?"

मी जबाबदारी, अनुभव, नेतृत्व असं बरंच काही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दुसऱ्यानं बिघडवलेली मोटार ज्याच्याकडं येते आन् तो त्या दुसऱ्याले शिव्या देत नाई, तो सीनियर. पन्नास वर्षांत मले दोनच भेटले." ते दोघे कोण हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. मोटार समोर आली तरी ते पान्याला हात लावत नसत. आधी मालकाला बसवत आणि विचारत, "बंद पडाच्या आधी काय केलं होतं?" मालक हटकून म्हणे, "काही नाई, आपोआप बंद पडली." मग चाचा बिडी पेटवत आणि वाट पाहत. बिडी अर्धी होईपर्यंत मालकाला आठवे की विहिरीत पाणीच नव्हतं, किंवा मेहुण्यानं वायर बदलली होती. "आपोआप काहीच होत नाई," चाचा म्हणत आणि पाना उचलत.

चौथ्या दिवशी तीच बिडी त्यांनी माझ्यासमोर पेटवली. "मागचे दोन इंटरव्ह्यू कुठी बंद पडले?"

मी सांगितलं, की दोन्हीकडे एकच प्रश्न आला होता. तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा. मी एक प्रसंग सांगितला. आमच्या प्रोग्रॅमवर एका वाहतूक कंपनीचे ट्रक सुटायचे, तो प्रोग्रॅम एक दिवस बंद पडला आणि ट्रक फाटकाशी उभे राहिले. सर्व्हर बसला होता, मी रात्रभर जागून तो उठवला. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यावर आणखी दोन-तीन प्रश्न विचारले आणि माझी गाडी घसरली.

"बसाच्या आधी काय केलं होतं?"

"काही नाही, आपोआप..." एवढं बोललो आणि मलाच हसू आलं. चाचा हसले नाहीत. बिडी अर्धी झाली तेव्हा मी खरं सांगितलं. गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून मी बदल न तपासता चालू प्रोग्रॅममध्ये टाकला होता. ऑफिसात मी सर्व्हरचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. दोन वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ओली मोटार दिली," चाचा म्हणाले. "होते. मग दुसरी ओळ काय?"

दुसरी ओळ नव्हती. जे लपवून ठेवलं, त्यावर उपाय कुठून करणार? आमच्याकडे अजूनही कुणीही, कधीही, न तपासता बदल टाकू शकत होतं. मला फार लाज वाटली. त्या दुपारी मोबाइलला रेंज यावी म्हणून मी दुकानासमोरच्या ओट्यावर चढलो आणि बंगलोरच्या साहेबांना फोन करून सगळं सांगून टाकलं. आहे ती नोकरी जाईल, हैदराबादचीही मिळणार नाही आणि आपण कायमचे चाचांच्या बाकावर बसू, असं वाटत होतं. साहेबांनी तो दिवस कोणता ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "उपाय लिहून पाठव." राहिलेले दिवस मी झाडं बाजूला ठेवून तो उपाय लिहिला. दोघांनी तपासल्याशिवाय कुठलाही बदल पुढे जाणारच नाही, अशी व्यवस्था. चाचांना वाचून दाखवली. "खडूनं लिहाले इतके कागद लागते काय?" एवढंच ते म्हणाले.

हैदराबादला तोच प्रश्न आला. मी पहिली ओळ सांगितली, मग दुसरी. समोरच्या बाई पुढचा अर्धा तास त्यावरच विचारत राहिल्या आणि या वेळी माझी गाडी कुठेही घसरली नाही, कारण जे झालं तेच सांगत होतो. उलट्या झाडांबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी आधी दुकानात फोन लावला. "बरं झालं," चाचा म्हणाले. "तुही लॅपटॉपची वायर इथीच राह्यली आहे. शनिवारी येशील तं घेऊन जाजो."

मग दर दुसरा शनिवार सावलीत जाऊ लागला. पुढे चाचांना बारीक तार दिसेना, वेढे बोटांनी मोजू लागले, आणि एका हिवाळ्यात ते गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही, याची चुटपुट अजून आहे. त्यांच्या मुलीनं दुकान रिकामं केलं आणि आमचं वेटोळं आमच्या घरी पाठवून दिलं. शनिवारी मी पोचलो तर बाबा ते मांडीवर घेऊन बसले होते. चिठ्ठीवर अजून वाचता येत होतं. 'वारनीश ओलं होतं. माही चूक. आता खडून लीहीतो.'

"चूक त्याची नोती," बाबा म्हणाले. "मिस्त्रीनं दोन दिवस थांबा म्हटलं होतं. पऱ्हे वाळून राह्यले होते. तो नमाजले गेलता, दुकान उघडं होतं. मीच उचलून आणली."

"त्यांना माहीत होतं?"

"माहीत नसंन काय? परत येऊन रिकामी जागा पाह्यलीच असंन. पण वावरात आला तं म्हणे, माही चूक. ओली आहे म्हणून लिहून ठेवाले पाह्यजे होतं म्हणे." बाबांनी चिठ्ठी बोटानं सरळ केली. "एवढी वर्षं मी त्याच्याकडं सरळ पाहू नाई शकलो."

बाबांनी पेन मागितला, कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला आणि लिहिलं, 'मिस्त्रीले न इचारता मोटार मी नेली.' त्याखाली त्यांनी पेन टेकवला.

"दुसरी ओळ?" मी विचारलं.

"त्याले सांगाचं होतं," बाबा म्हणाले आणि टोपण लावून पेन मला परत दिला.

ते वेटोळं आता आमच्या दारात खिळ्याला टांगलेलं आहे, दोन चिठ्ठ्यांसकट.