मेट्रनबाई आणि पत्र्याची खोली

मेट्रनबाईंसमोर सूचना करायला माणसं घाबरत. भवानी पेठेजवळच्या आमच्या चाळीस कुटुंबांच्या चर्चमध्ये दुरुस्तीची कमिटी त्यांच्याकडे होती आणि त्या कमिटीचा नियम एकच होता: जो सुचवेल, तो करेल. खिडकीला जाळी हवी असं म्हणणाऱ्याच्या हातात पुढच्या रविवारी जाळी, हातोडी आणि खिळे असत. चर्चला मजुरी परवडत नव्हती आणि बाईंच्या मते मंडळीत हात कमी, तोंडं जास्त होती.

हॉस्पिटलातून मुख्य नर्स म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण साडी पांढरीच आणि बोलणं वॉर्डातलंच. "कराल का?" असं त्या कुणालाच विचारत नसत. "शनिवारी करता की रविवारी?" असं विचारत. मी एकदा त्याचं कारण विचारलं. "गोळी घेता का विचारलं की पेशंट न्हाय म्हणतो," त्या म्हणाल्या. "पाण्यासंगं घेता की दुधासंगं, असं विचारायचं."

नियमाला पाळकसाहेबही अपवाद नव्हते. एका रविवारी प्रार्थनेत ते म्हणाले, "हे प्रभू, आमच्या कंपाउंडची भिंत ढासळली आहे, तिच्याकडे पाहा." आमेन झालं. दारात बाई सिमेंटची थापी घेऊन उभ्या होत्या.

"मी देवाला सांगत होतो, बाई," पाळकसाहेब म्हणाले.

"आमी पण ऐकलं की."

भिंतीचे खालचे दोन थर त्यांनी रचले आणि त्यानंतर ते मोघम प्रार्थना करू लागले. सूचनाफलकावरचा मजकूर जुना झाला आहे, असं मीही एकदा सहज म्हणालो होतो. पुढची अकरा वर्षं फलक मी लिहिला.

या नियमाला एक भोक होतं, आणि ते सापडलं खजिनदार देवदान यांना. त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान. एका जुन्या सभासदानं चर्चला देणगी दिली, योग्य वाटेल तिथं खर्च करा म्हणून. देवदान उठून म्हणाले, "नवीन स्पीकर घेऊ. मीच सुचवतो, मीच बसवतो." बाकीचे गप्प. दुसरं काही सुचवावं तर ते गळ्यात पडणार. बाईंच्या नियमानं सबंध मंडळी मुकी करून ठेवली होती. निर्णय एप्रिलच्या मीटिंगमध्ये व्हायचा होता.

बाईंच्या मनात मात्र मार्थाबाईंची खोली होती. मार्थाबाई चर्चची झाडलोट करत, घंटा वाजवत आणि आवारातल्या पत्र्याच्या छताच्या खोलीत एकट्या राहत. आदल्या मे महिन्यात त्या भरदुपारी चुलीपाशी बेशुद्ध पडल्या. बाईंनी ओल्या चादरीत गुंडाळून त्यांना शुद्धीवर आणलं. डॉक्टर म्हणाले, वय सत्तरीचं, पुन्हा ऊन लागलं तर भरवसा नाही. पत्रे काढून स्लॅब टाकणं एवढा एकच उपाय होता, आणि त्याला तेवढे पैसे त्या देणगीतच होते.

"मग तुम्हीच सुचवा," मी म्हणालो.

"माझ्या गुडघ्यानं सिमेंटची पाटी उचलवत न्हाय. सुचवायचं मी आन् उचलायचं दुसऱ्यानं? मग नियम कशाला केला?"

दोन दिवसांनी त्यांनी मला फलक लिहायला बोलावलं. मीटिंग चर्चमध्ये नाही, मार्थाबाईंच्या खोलीत. वेळ दुपारी दोन.

"कारण काय लिहू?"

"जागा मोकळी हाय, एवढंच लिहा."

त्या दुपारी आम्ही चौदा जण त्या खोलीत सतरंजीवर बसलो. पंखा होता, तो वरची गरम हवा खाली ढकलत होता. बाईंनी दार लोटून घेतलं आणि मागच्या मीटिंगचा वृत्तांत सावकाश वाचायला सुरुवात केली. नंतर म्हणाल्या, नीट ऐकू आला नसेल, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. देवदान यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. भिंतीला टेकलेल्या पाळकसाहेबांनी पाठ झटकन पुढं घेतली.

मार्थाबाईंनी पाण्याचा तांब्या फिरवला. "आज बरं हाय," त्या म्हणाल्या. "वारं हाय जरा. मे म्हैन्यात लई तापतं."

मग देवदान म्हणाले, "बाई, हितं स्लॅब पाहिजे."

"स्पीकर?"

"जुना ऐकू येतो की."

पाळकसाहेब म्हणाले, त्यांनाही तेच सुचवायचं होतं. मागून आणखी तिघांना तेच सुचलं. बाईंनी पाचही नावं लिहून घेतली आणि विचारलं, "पत्रे शनिवारी काढता की रविवारी?"

गवंडी पगारी होता, बाकी सगळं काम मंडळीनं केलं. स्लॅबवर पंधरा दिवस पाणी मारायचं होतं आणि नळाला पाणी दर पाचव्या दिवशी येत होतं, म्हणून उपासनेला येताना बायबलबरोबर प्रत्येक घरानं एक घागर आणली. देवदान यांनी दुकानातून जुना कूलर आणून बसवला आणि तो कुणी सुचवला होता, हे बोलायचं टाळलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मार्थाबाई आत राहायला गेल्या.

पावसाळ्यापूर्वी बाईंना त्यांची मुलगी मिरजेला घेऊन जाणार होती, कायमची. चर्चनं शाल-श्रीफळाचा विषय काढला तेव्हा, तेवढ्या पैशात खोलीला चुना होईल, असं त्या म्हणाल्या. रिक्षा आवारात उभी असताना त्या काठी टेकत मार्थाबाईंच्या खोलीत गेल्या. दुपारचेच दोन वाजले होते. मार्थाबाई कूलरसमोर गाढ झोपल्या होत्या. मी हाक मारणार होतो, बाईंनी खुणेनं थांबवलं.

मग त्यांनी हाताचा तळवा भिंतीला लावला आणि कपाळाला लावतात तसा थोडा वेळ ठेवला.

"उतरला," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाकडे निघाल्या.